थोरला, धाकटा आणि इंदूकाकीचा ओटा

इंदूकाकीच्या ओट्यावर पाण्याचं मडकं असायचं. त्यावर झाकण, झाकणावर स्टीलचा पेला. पाणपोईवर पेला साखळीने बांधून ठेवतात, तसा हा बांधलेला नव्हता. वर्षातून एकदोनदा तो चोरीला जायचा. काकी आतून दुसरा आणून ठेवायची आणि म्हणायची, "ज्यानं नेला त्याच्या घरात पेला नसंल."

आमची वस्ती कर्जत तालुका संपून खालापूरची हद्द लागते तिथे, नाल्याच्या अलीकडे आहे. मधे बुद्धविहार, विहाराच्या मागे काकीचं घर. नाल्याच्या पलीकडे पूर्वी भातखाचरं होती, आता बंगले आहेत. शनिवार-रविवारी तिथे माणसं आणि गाणी असतात, बाकीचे दिवस कुलूप आणि वॉचमन. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होते. त्यामुळे काकी मला 'पेपरवाली' म्हणायची. "काय गं पेपरवाली, आज कुनाचा निषेध?"

मडक्याची गोष्ट तिच्या सासूपासूनची. सासू तरुण असताना कुठल्याशा गावच्या विहिरीवर उन्हात उभी राहिली होती. वरच्यांपैकी कुणीतरी ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचं, अशी रीत. त्या दिवशी कुणी ओतलं नाही. सासू तशीच घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, आपल्या दारात कुणाला नाही म्हणायचं नाही. पुढे धर्म बदलला, नावं बदलली, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, पण तो नियम राहिला. काकी लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला चूल नंतर दाखवली, आधी मडकं दाखवलं.

हा नियम काकी किती कडक पाळायची याचा एक प्रसंग सांगते. वस्तीची जागा विकत मागायला एक एजंट यायचा. पांढरे बूट, काळा चष्मा, बोलायला गोड. घराघरांत फिरून माणसं फोडत होता. आम्ही ठरवलं होतं, त्याला कुणी दारात उभं करायचं नाही. काकीने त्याला ओट्यावर बसवलं. पेलाभर पाणी दिलं. तो घटाघट प्यायला, तोंड पुसलं आणि फाईल उघडायला लागला.

"प्यालास पानी?" काकी म्हणाली.

"हो मावशी, गोड पाणी आहे."

"अजून पायजे?"

"नको."

"मंग ऊठ. पान्याला आला हुतास म्हनून बसवला. जमिनीला आला असशील तर रस्ता तिकडं हाय."

मी तिच्याशी भांडले होते. असल्या माणसाला पाणी कशाला द्यायचं? काकी मडकं विसळत होती. म्हणाली, "तहान त्याची नसती गं. तहान सगळ्यांची सारकीच असती. त्याची हाय ती फाईल."

तरुणपणी ती माथेरानच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेल धुवायला होती. तिथली एक सवय तिच्या हातात कायमची राहिली. कुठलंही फडकं हातात आलं की ती त्याची अशी घडी घालायची की चारी कोपरे जुळलेच पाहिजेत. बोलता बोलता माझ्या ओढणीचीही घडी घालून द्यायची. रागावली की घड्या जास्त. यशवंतकाका गमतीने म्हणायचे, "आज कपाट लई नीट दिसतंय, कुनाशी वाजलं?"

यशवंतकाका म्हणजे तिचा नवरा. खालापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. विहारात वंदनेला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. पुढे तो आवाज खाली खाली येत गेला, मग खोकल्यात बुडाला, मग वंदना चालू असताना ते नुसते ओठ हलवायला लागले. फुप्फुसं निकामी झाली होती. कारखान्यातल्या पावडरीने झाली असं डॉक्टर तोंडी म्हणाले, कागदावर लिहायला मात्र कुणी तयार झालं नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं, छोट्या कपाटाएवढं. पुढच्या बाजूला पाण्याची एक बाटली, तिच्यात सारखे बुडबुडे. बुडबुडे चालू आहेत तोवर काका चालू आहेत, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मशीन विजेवर चालायचं. आणि आमची वीज कशी, ते या भागातल्या कुणालाही विचारा. डोंगराच्या पायथ्याशी केव्हापासूनचं वीजघर आहे. आमच्या डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर तिथे वीज होते आणि तारांमधून आमच्या पत्र्यांवरून पुढे मुंबईला जाते. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते. फांदी पडली की दिवसभर येत नाही. नाल्यापलीकडच्या बंगल्यांना जनरेटर आहेत. तिथली लाईट गेली हे आम्हाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं, कारण जनरेटर घुरघुरायला लागतो.

काकीची मुलगी सुषमा पनवेलला नर्स आहे. बापासाठी तिने सोलरवर चालणारी एक बॅटरी आणली. प्रवासी बॅगेएवढा डबा, त्याला उचलायला मूठ, पुढे प्लग लावायची भोकं आणि आकडे दाखवणारी छोटी काच. पत्र्यावर एक पॅनल बसवलं आणि वायर खाली आणली. डब्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पॉवर स्टेशन' लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकी पदर तोंडाला लावून हसली.

"हे पावर स्टेशन? आनि ते डोंगरातलं?"

"ते पण पॉवर स्टेशनच."

"ते येवढं मोठं, त्याचा आमाला उजेड नाय. हे येवढंसं, ह्याचा हाय. मंग मोठं कोन?"

लाईट गेली की मशीनचा प्लग डब्याला लावायचा. भरलेला डबा काकांना जेमतेम दोनतीन तास पुरायचा. उन्हाळ्यात तेवढं चालून जायचं. पण काकीने पहिल्याच आठवड्यात डब्याला एक लांब वायर लावली, तिचं टोक ओट्यावर आणलं आणि तिथे मडक्याशेजारी प्लगांची पट्टी ठोकली. लाईट गेली की वस्तीतले सगळे फोन तिथे यायचे. टॉर्च यायच्या. कुणाचं कानाचं मशीन यायचं. कातकरीवाडीवरून खाली उतरलेली माणसंही फोन लावून मडक्यातलं पाणी पीत बसायची.

सुषमा आली की कडाडायची. "आई, हा डबा बाबांसाठी आहे! त्यांचा श्वास वाटत्येस तू लोकांना!"

काकी घड्या घालत राहायची. "फोन केवडासा पितो गं."

"एक पितो थोडा. पन्नास पितात तेव्हा?"

मग काकी आतल्या खोलीकडे बघून विचारायची, "अवो, काडू का सगळ्यांचं?" आणि काका नळीआडून हात हलवायचे. असू दे. त्यांना बोलायला श्वास लागायचा, म्हणून ते हातानेच बोलायचे. पण त्या हाताचा अर्थ मला नेहमी स्पष्ट कळला आहे. त्या बाईने एक नियम पाळायचा आणि त्या नियमाची किंमत त्याने आपल्या छातीतून द्यायची, असं ते दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. मी कितीतरी सभांमधून त्यागावरची भाषणं ऐकली आहेत. ती सगळी त्या हातापुढे मला पोकळ वाटतात.

विजेसाठी आम्ही वीज कंपनीच्या ऑफिसवर मोर्चा काढला. पत्रक मी लिहिलं. त्यात यशवंतकाकांबद्दल जळजळीत परिच्छेद होता. काकीला वाचून दाखवला. "लई झ्याक लिवलंस," ती म्हणाली, "पन यांचं नाव काड. नायतर सायेब म्हनंल, यांच्या येकट्याच्या घराचं बगू. बाकीच्यांची पन जाती ना लाईट?" नाव काढलं. साहेबाने निवेदन घेतलं, आम्हाला चहा पाजला आणि आजारी माणूस असेल तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर बघा, असा सल्ला दिला. परत येताना काकी गाडीत म्हणाली, "चा चांगला हुता." एवढंच. घरी जाऊन तिने कपाटातल्या सगळ्या साड्या काढून पुन्हा घड्या घातल्या.

मग वस्तीनेच ठरवलं, काकांना दुसरा डबा घेऊन द्यायचा. विहारात बैठक झाली आणि जयंतीला वाजंत्री न लावता ते पैसे यात घालायचे असं ठरलं. हे सांगायला सोपं आहे. ज्यांनी आमच्याकडची जयंती पाहिली आहे त्यांनाच कळेल की वाजंत्रीशिवायची मिरवणूक म्हणजे काय. त्या वर्षी आम्ही नुसत्या घोषणा देत चाललो. शेजारच्या गावातले लोक विचारत होते, बँड कुठे? बबन, काकीच्या शेजारचा रिक्षावाला, ताठ मानेने सांगत होता, "आमचा बँड काकांच्या छातीत वाजनार हाय."

दुसरा डबा आला. दहिवलीचा पप्पू वायरमन तो बसवायला आला. त्याने पत्र्यावर चढून पाहिलं, खाली उतरला आणि डोकं खाजवलं.

"काकी, डबे दोन झाले, पन पॅनल येकच हाय."

"मंग?"

"मंग ऊन तेवढंच ना. येक पोळी दोगांत वाटायची. चांगल्या उन्हात दोनी भरतील. ढगात दोनी अर्धपोटी. पॅनल पन दुसरं घ्या."

"दिवाळीत घेऊ," बबन म्हणाला. पावसाळा तोंडावर होता. हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना कळलंही. तरी दोन डबे शेजारी शेजारी दिसले की मन म्हणतंच, आता दुप्पट झालं.

दोन्ही डबे एकत्र जोडता येत नव्हते. एक संपत आला की मशीनचा प्लग काढून दुसऱ्याला लावायचा. तेवढ्यात मशीन किंचाळायचं आणि काकांना स्वतःच्या छातीवर निभवावं लागायचं. काकीने त्याचा सराव केला. एका हाताने काढायचा, दुसऱ्याने घालायचा, आणि काकांकडे बघत बघत, प्लगाकडे न बघता. डब्यांना तिने नावं ठेवली होती. जुना थोरला, नवा धाकटा. तिला मुलगा नव्हता. "थोरला दमला," ती म्हणायची, "धाकट्या, ये रं बाबा, तुझी पाळी." दोघांवर माथेरानच्या पद्धतीने घडी घातलेला एकेक टॉवेल.

धाकटा आत ठेवायचा, फक्त काकांसाठी, असं वस्तीने बजावून सांगितलं होतं. पट्टी फक्त थोरल्याला. पहिले काही दिवस कुणी धाकट्याकडे बघितलंही नाही. काकीलाच ते सोसवेना. एका सकाळी पाहिलं तर धाकट्याचीही वायर ओट्यावर आलेली.

"हे काय काकी?" बबन ओरडला. "काकांसाठी दिलाय आमी!"

"तुमी वाजंत्री सोडून दिलात. आनि तुमचाच फोन आला तर मी म्हनू, ह्याला हात लावू नको? माज्या सासूला असंच म्हनलं हुतं."

बबनने वायरीला लावलेला हात काढून घेतला. सबंध आयुष्य ज्या गोष्टीविरुद्ध आम्ही लिहीत-ओरडत आलो, तीच गोष्ट तिने आमच्यापुढे ठेवली होती. यावर आमच्याकडे पत्रक नव्हतं.

आषाढात वादळ झालं. लाईट गेली ती गेलीच. सांगायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. आभाळ इतकं खाली आलं की दुपारी बाराला घरात दिवा लागावा. पॅनलवर पाणी वाहत होतं आणि काचेवरचे आकडे खालीच जात होते. सुषमाने आणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलेंडर संपला. तो भरून आणायला विहारातली दोन पोरं कर्जतला गेली आणि रस्त्यावर पाणी आल्यामुळे पलीकडेच अडकली. सुषमा पनवेलवरून फोनवर रडत होती. "आई, सगळे फोन काढ. आत्ताच्या आत्ता काढ. बाबांचा पल्स किती आहे ते सांग आधी!"

काकी ओट्यावर आली. मी तिथेच होते. पट्टी फोनांनी भरलेली होती. तिने हात पुढे केला. पट्टीपाशी बबन उभा होता. त्याची बायको कर्जतच्या दवाखान्यात बाळंतपणाला, पाण्याच्या पलीकडे. त्याचा फोन बंद पडला होता.

"काकी, मी नंतर..." तो म्हणाला.

काकीने कुणाचा तरी भरलेला फोन काढला आणि त्या भोकात बबनचा लावला. मग आत गेली. काकांनी हात हलवला.

थोरला बंद पडला. काकीने प्लग धाकट्याला लावला, त्यात थोडंच राहिलं होतं. पलीकडे बंगल्याचा जनरेटर घुरघुरत होता. आठवड्यातला मधला वार होता, मालक नव्हता, तरी बागेतले दिवे लागलेले आणि पोहण्याच्या तलावातलं पाणी निळं उजळलेलं. काकी चप्पल न घालता नाल्यावरच्या साकवावरून तिकडे गेली. कुणाच्या दारात काही मागायला जाताना मी तिला आयुष्यात एकदाच पाहिलं, ते त्या दुपारी. काकांपाशी शेजारणी बसल्या, मी आणि बबन मागे गेलो.

वॉचमन आमच्याच भागातला, तिला ओळखणारा. त्याने गेट अर्धं उघडलं.

"दादा, यांना घिऊन येते," काकी म्हणाली. "तुज्या खोलीत नुस्तं येक प्लग दे. पाऊस उघडस्तवर. आत यायचो नाय आमी."

त्याने मालकाला फोन लावला. बाजूला जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"नाय म्हनतात. मानसाला आत काय झालं तर जबाबदारी कोनाची, म्हनतात."

"तुजी खोली हाय ना?"

"खोली त्यांची हाय, काकी. कॅमेरे हायत." आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो आत पळाला आणि पाण्याचा ग्लास भरून घेऊन आला. "पानी घ्या. भिजलात. पानी तरी घ्या."

काकी पावसात उभी होती. तिने ग्लासाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती तो भिरकावेल. मी असते तर भिरकावला असता. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्यायली आणि ग्लास परत दिला. दिल्या पाण्याला नाही म्हणायचं नाही, हाही त्या नियमाचाच भाग असावा.

परत आलो तेव्हा मशीन किंचाळत होतं. काकीने धाकट्यावरचा टॉवेल काढला, काच पुसून पाहिली, पुन्हा पुसली. वायर काढली, लावली. मग मशीनचं बटण बंद केलं, म्हणजे ते ओरडायचं थांबेल. काकांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. बाटलीतलं पाणी स्थिर झालं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत काका गेले. बबनला मुलगी झाल्याचा फोन त्याच दुपारी आला होता. तो त्याने घेतला आणि कुणालाच सांगितलं नाही.

पुढे मी पुष्कळ लिहिलं. निवेदनं, पत्रकं, एका वर्तमानपत्रात पत्र. कुणाच्या नावाने लिहायचं हेच कळत नव्हतं. तार कुणाची, फांदी कुणाची, पावडर कुणाची, पाऊस कुणाचा, गेट कुणाचं. प्रत्येकाकडे आपला भाग सोडून बाकी सगळ्याचं उत्तर तयार होतं. लाईट अजूनही जाते.

दिवाळीत वस्तीने ठरल्याप्रमाणे दुसरं पॅनल आणलं. नको कसं म्हणायचं, पैसे जमलेले होते. पप्पूने ते मान खाली घालून बसवलं आणि जाताना सांगितलं, "काकी, हे वापरत राहा. भरून नुस्ते ठेवले तर बॅटऱ्या मरतात." आता ऊन चांगलं पडतं. दुपारपर्यंत दोन्ही डबे भरतात.

पण ओट्यावर कुणी येत नाही. लाईट गेली की माणसं फोन घेऊन रस्त्यावरच्या टपरीवर जातात, रिक्षात लावतात, नाहीतर बंदच ठेवतात. काकीच्या घरावरून जायची वेळ आली तर विहाराच्या पुढच्या बाजूने वळसा घालतात. तिला कुणी टाळलं असं म्हणता येणार नाही. सगळ्यांना तिच्याबद्दल माया आहे. तिच्या पट्टीत फोन लावायला मात्र कुणाचा हात होत नाही. आयुष्यभर दारात कुणाला नाही न म्हटलेल्या बाईच्या दारात आता कुणी काही मागायला येत नाही.

परवा लाईट गेलेली असताना मी तिकडून गेले. काकी ओट्यावर बसली होती. मडकं भरलेलं, पेला जागेवर. पट्टी रिकामी, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून घडी घातलेलं फडकं. बबनची बायको पोरीला कडेवर घेऊन समोरून चालली होती.

"अगं, फोन असंल तर लाव," काकीने हाक मारली. "दोगं पन भरल्यात."

"भरलेला हाय काकी," ती म्हणाली आणि झपझप निघून गेली.

काकीने माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांचं भरलेलंच असतंय हल्ली," ती म्हणाली. मग उठून आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. ती ऑक्सिजनचं मशीन ढकलत ढकलत बाहेर घेऊन आली, प्लग थोरल्याला लावला आणि बटण दाबलं.

"रोज दुपारी लावती," ती म्हणाली. "न वापरता मरतात म्हनला ना पप्पू."

मशीन घुरघुरायला लागलं. नळीचं टोक तिने नीट गुंडाळून टॉवेलवर ठेवलं होतं आणि त्यातून हवा बारीक आवाज करत बाहेर येत होती. काकी शेजारी बसली. बाटलीत बुडबुडे उठत होते, आणि थोरला संपत आल्यावर धाकट्याला लावायचा म्हणून तिचा एक हात प्लगावर तयार होता.